‘घरीच असते’ या उत्तराचे काय करायचे?

समाजशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात संशोधन पद्धतीचा पेपर बरीच मुले पाठ करून पास होतात. गृहीतक म्हणजे काय, नमुना निवडीचे प्रकार कोणते, मुलाखतीचे गुणदोष कोणते, सगळे चार-चार मुद्द्यांत लिहून येते. आणि तरीही दहा घरी जाऊन एक धड प्रश्न विचारता येत नाही. हा पेपर उलट्या बाजूने शिकवावा, असे माझे ठाम मत आहे. आधी एक प्रश्न हातात द्यावा, तो लोकांपुढे अडू द्यावा आणि मग पुस्तक उघडावे. यासाठी सर्वांत कामाचा प्रश्न मला हा वाटतो: या घरातली बाई काम करते का?

पहिल्या फेरीत प्रत्येक विद्यार्थ्याने ओळखीच्या दोन घरांत जावे. एका घरात प्रश्न पुरुषाला विचारावा, दुसऱ्या घरात त्या बाईलाच. उत्तर आपल्या शब्दांत न मांडता, आले तसे उतरवून आणावे. ‘नाही, घरीच असते’ हे उत्तर दोन्हीकडून मिळते, बायकांकडूनही. वर्गात परतल्यावर त्याच घरांतल्या बायकांनी काल काय काय केले, ते आठवून फळ्यावर लिहायला सांगावे. पाणी भरले, म्हशीची धार काढली, स्वतःच्या रानात खुरपले, सरपण आणले, विक्रीसाठी पापड लाटले, आजारी सासऱ्यांना अंघोळ घातली. आता या यादीत रेघ कुठे मारायची? पापड विकले म्हणून ते काम. मग तेच पापड घरी खाल्ले तर? धार काढलेले दूध डेअरीला गेले तर काम, आणि नातवाला पाजले तर?

इथे वर्गात वाद होतो, आणि तो होऊ द्यावा. वाद रंगात आला की सांगावे की तुम्ही आत्ता जे करताय, त्याला कार्यकारी व्याख्या म्हणतात. अभ्यासात ‘काम’ म्हणजे काय धरायचे, हे घराबाहेर पडण्यापूर्वी कागदावर ठरलेले असले पाहिजे.

हा वाद वर्गापुरता नाही. 1991च्या जनगणनेत कामाविषयीच्या प्रश्नातच ‘शेतावरील किंवा घरच्या व्यवसायातील बिनमोबदला काम धरून’ अशा अर्थाचे शब्द घातले गेले, कारण त्याशिवाय शेतात राबणारी बाईही ‘काम करत नाही’ या रकान्यात जात होती. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात 92 आणि 93 असे दोन संकेतांक आहेत. केवळ घरकाम करणाऱ्यांना 92. घरकामाबरोबर सरपण, चारा, भाजीपाला गोळा करणाऱ्या किंवा घरापुरते शिवणकाम करणाऱ्यांना 93. दोन्ही संकेतांकांतली बाई श्रमशक्तीच्या बाहेर मोजली जाते. फळ्यावरच्या यादीतली प्रत्येक बाई यांपैकी कुठे बसेल, हे विद्यार्थ्यांना शोधायला लावावे. आकड्यामागे कुणीतरी घेतलेला निर्णय असतो, हे एवढ्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

दुसऱ्या फेरीत प्रश्नच बदलावा. ‘काम करता का’ असे विचारायचेच नाही. काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत काय केले, ते अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारत जायचे. 2019 साली देशभर झालेल्या वेळवापर सर्वेक्षणाची हीच रीत होती. सहा वर्षे आणि त्याहून मोठ्या व्यक्तींकडून चोवीस तासांचा हिशेब घेतला गेला आणि अर्ध्या तासात एकाहून जास्त गोष्टी झाल्या असतील, तर त्याही टिपल्या गेल्या. विद्यार्थ्यांना हे जड जाते. चुलीवर भात आहे, मांडीवर मूल आहे, आणि कान शेजारणीकडे. या अर्ध्या तासाला नाव काय द्यायचे? म्हणून आधी पूर्वचाचणी घ्यावी. तीन-चार घरांत तक्ता भरून पाहावा, अडलेल्या जागा मांडाव्यात, तक्ता दुरुस्त करावा आणि मगच सगळ्यांनी बाहेर पडावे.

तक्ते जमले की सरासरीची पाळी. इथे 2019चाच निष्कर्ष हाताशी घ्यावा. घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात तेव्हा बायकांची रोजची 299 मिनिटे जात होती, पुरुषांची 97. हे आकडे अनेक ठिकाणी छापून येतात, पण ते फक्त त्या दिवशी घरकाम केलेल्यांचे आहेत. असे काम करणाऱ्या बायका 81.2 टक्के होत्या, पुरुष 26.1 टक्के. सगळ्यांना धरून सरासरी काढायला सांगा. 299 ला 0.812 ने गुणले की बायकांची सुमारे 243 मिनिटे येतात, आणि 97 ला 0.261 ने गुणले की पुरुषांची जेमतेम 25. पहिल्या जोडीत बायकांचा वेळ पुरुषांच्या तिप्पट दिसतो, दुसऱ्या जोडीत जवळजवळ दसपट. दोन्ही जोड्या खऱ्या आहेत. भागाकारात खाली कोण आहे, एवढाच फरक. हे गणित मुलांनी स्वतः हाताने करावे. टक्केवारीची भीती इथेच मोडते.

नमुना निवडीला यानंतर हात घालावा. आतापर्यंतची घरे ओळखीची होती, त्यांवरून गावाबद्दल काही सांगता येणार नाही. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या यादीत 600 घरे असतील आणि 40 घरे हवी असतील, तर दर पंधरावे घर घ्यायचे. सुरुवात कुठून, हे 1 ते 15 आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. रीत सोपी आहे. अवघड आहे ते यादीत काय सुटते हे पाहणे. बीड जिल्ह्यातल्या गावात हीच पाहणी डिसेंबरात केली, तर कितीतरी घरांना कुलूप मिळेल, कारण माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. शेजारचे उघडे घर घेऊन संख्या पूर्ण करण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे, कारण कुलूप लागलेल्या घरांतल्या बायकाच सर्वांत जास्त राबत असतात. त्यातही ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि मुकादमाकडून येणाऱ्या उचलीचा, म्हणजे आगाऊ रकमेचा, व्यवहार बहुधा नवऱ्याशीच होतो. म्हणजे पाहणी थेट उसाच्या फडात नेली तरी ‘मजुरी किती मिळते’ या प्रश्नाला बाईचे वेगळे उत्तर मिळणार नाही. तिचे श्रम जोडीत विरघळलेले असतात. तिच्यासाठी प्रश्न वेगळा बांधावा लागेल: पहाटे कितीला उठलात, मोळ्या कुणी बांधल्या, रात्री गाडी भरायला कोण होते, परत आल्यावर स्वयंपाक कुणी केला.

तक्त्याला मिनिटे कळतात, घरातला दाब कळत नाही. त्यासाठी जाऊन बसावे लागते. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास 1948 मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुऱ्यात राहिले, त्यातून पुढे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक आले. गाव आपल्याला बरेचसे वरच्या जातींतल्या पुरुषांच्या बाजूने दिसले, याची जाणीव त्यांना स्वतःला होती. विद्यार्थ्यांनाही हे विचारावे: तुम्ही मुलगा आहात की मुलगी, कोणत्या आळीतून आलात, यावर तुम्हाला ओसरीवर बसवतील की स्वयंपाकघरात नेतील, हे ठरते. मुली ज्या घरात आतपर्यंत गेल्या, त्याच घरातून मुलगे अंगणातूनच परत आले असतील, तर दोघांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचाव्यात.

एका गोष्टीत मात्र सवलत नको. सासू किंवा नवरा समोर उभा असताना सुनेला तिच्या वेळेचा हिशेब विचारू नये. ती एकटी भेटेपर्यंत थांबावे, नाही भेटली तर तो तक्ता कोरा ठेवावा. उत्तर द्यायचे नसेल तर देऊ नका, हे सुरुवातीलाच सांगावे. तक्त्यावर नावाऐवजी क्रमांक असावा आणि नाव-क्रमांकाची यादी शिक्षकाकडे वेगळी कुलपात ठेवावी. गाव लहान असते. ‘तीन मुलांची, नवरा मुंबईला असलेली’ एवढ्या वर्णनावरूनही बाई ओळखू येते, म्हणून अहवालात असे वर्णन आले तर तेही बदलावे. कोरे राहिलेले तक्ते किती आणि का, हे अहवालातल्या पद्धतीच्या प्रकरणात पहिल्याच पानावर लिहावे.