‘हाइ’ म्हणजे नेहमी ‘हो’ नसतं : जपानी संभाषणातले हुंकार

भाषा शिकताना आपण बोलायला शिकतो. वाक्य कसं करायचं, क्रियापद कुठे येतं, प्रत्यय कोणता लागतो, हे सगळं वर्गात होतं. पण समोरचा बोलत असताना, म्हणजे आपली ऐकण्याची पाळी असताना, तोंडाने काय म्हणायचं, हे फारसं कुणी शिकवत नाही. जपानीत हा भाग फार मोठा आहे, आणि गैरसमजही पुष्कळदा इथेच होतात. म्हणून आज आपण तेवढंच बघू.

या ऐकणाऱ्याच्या बोलण्याला जपानीत एक खास शब्द आहे : आइझुची. ‘आइ’ म्हणजे परस्पर आणि ‘त्सुची’ म्हणजे हातोडा. जोडशब्दात ‘त्सुची’चं ‘झुची’ होतं. शब्द लोहाराच्या भट्टीवरून आलेला आहे. तापलेलं लोखंड ऐरणीवर ठेवून उस्ताद एक घाव घालतो, लगेच समोरचा शिष्य दुसरा घाव घालतो, पुन्हा उस्ताद, पुन्हा शिष्य. संभाषणातही तसंच. एकाने वाक्याचा तुकडा टाकायचा, दुसऱ्याने मध्ये ‘उन्’, ‘एए’, ‘हाइ’ असा छोटासा ठोका द्यायचा. जपानीत आइझुची ‘मारतात’, असंच म्हणतात.

आपल्याला हे अगदी परकं नाही. गोष्ट सांगताना आजी म्हणायची, ‘हुंकार दे रे, झोपलास की काय?’ हा हुंकार म्हणजे आइझुचीच. फरक एवढाच, की आपल्याकडे गोष्टीत किंवा फोनवर तो हटकून लागतो, तर जपानीत जवळजवळ प्रत्येक संभाषणात लागतो. सेन्को मेनार्ड या अभ्यासिकेने 1980 च्या दशकात जपानी आणि अमेरिकन लोकांच्या गप्पांची तुलना केली. त्यात जपानी ऐकणारे असे ठोके कितीतरी जास्त वेळा देताना दिसले.

आता हे ठोके पडतात कुठे? वाक्य संपल्यावर नव्हे, वाक्याच्या मध्ये. उदाहरण घेऊ. एक बाई सांगतेय : ‘किनोऽ ने’, म्हणजे ‘काल ना’. मैत्रीण म्हणते, ‘उन्’. ‘एकि दे ने’, ‘स्टेशनवर ना’. ‘उन् उन्’. ‘साइफु ओ ओतोशिते ने’, ‘पाकीट पडलं आणि’. ‘एऽऽ!’ बघा, अजून वाक्य पुरं झालेलंच नाही आणि मैत्रिणीने तीनदा भाग घेतला. बोलणारीनेच ‘ने’ लावून जागा करून दिली. हा ‘ने’ म्हणजे जवळपास आपला ‘ना’. क्रियापद दोन्ही भाषांत शेवटी येतं, त्यामुळे मधले तुकडे ‘ना’ किंवा ‘ने’ लावून सुटे करता येतात. मराठी माणसाला ही लय पकडायला जड जाऊ नये, ते यामुळेच.

मिझुतानी नोबुको या जपानी भाषातज्ज्ञांनी अशा बोलण्याला ‘क्योऽवा’ म्हटलंय, म्हणजे दोघांनी मिळून केलेलं बोलणं. एकाने पूर्ण बोलायचं, मग दुसऱ्याने पूर्ण बोलायचं, असं ते नसतं. म्हणूनच जपानी माणसाशी फोनवर बोलताना आपण आदराने गप्प ऐकत राहिलो, तर तिकडून विचारणा होते, ‘मोशि मोशि?’ म्हणजे ‘हॅलो, आहात ना?’ आपली शांतता त्यांना आदर वाटत नाही. फोन कट झाला, किंवा आपल्याला काही कळत नाहीये, असं वाटतं.

इथवर लय झाली. आता अर्थाकडे वळू. मराठीत आपण ‘हो’ या एका शब्दावर बरंच भागवतो. ‘ऐकतोय’ याला ‘हो’, ‘कळलं’ याला ‘हो’, ‘पटलं’ याला ‘हो’ आणि ‘करतो’ यालाही ‘हो’. जपानी ऐकताना या चार पायऱ्या आपण मनात वेगळ्या ठेवायला हव्यात.

पहिली पायरी : ऐकतोय. ‘उन्’ घरच्यांशी आणि मित्रांशी, ‘एए’ जरा सभ्य, ‘हाइ’ औपचारिक. या पायरीवरच्या ‘हाइ’चा अर्थ ‘तुमचा आवाज पोचतोय, पुढे बोला’ एवढाच. बैठकीत दहा वेळा ‘हाइ’ ऐकून आपण खूश होतो, आणि नंतर नकार आला की म्हणतो, ‘अहो, त्यांनीच तर होकार दिला होता!’ तो होकार नव्हताच.

दुसरी पायरी : कळलं. ‘सोऽ देस का’ उतरत्या सुरात म्हटलं, की ‘अच्छा, असं आहे तर’. माहिती मिळाली, मत अजून दिलेलं नाही. सूर चढवला तर तोच प्रश्न होतो. ‘नारुहोदो’ म्हणजे ‘आत्ता उलगडलं’. शब्द गोड आहे, पण वरिष्ठांसमोर जपून वापरावा; त्यांचं म्हणणं आपण तपासून पास करतोय, असा वास काहींना त्याला येतो.

तिसरी पायरी : पटलं. ‘सोऽ देस ने’ म्हणजे ‘हो ना, खरंच’. ‘ताशिका नि’ म्हणजे ‘खरंय’. वरिष्ठांना ‘ओश्शारु तोऽरि देस’, म्हणजे ‘आपण म्हणता तसंच आहे’. पण सावध! हाच ‘सोऽ देस ने’ लांबवून, ‘सोऽ देस नेऽऽ…’ असा रेंगाळत आला, तर माणूस विचारात पडलाय. पुढे बऱ्याचदा अडचण किंवा नकार येतो.

चौथी पायरी : करतो. ‘वाकारिमाश्ता’ म्हणजे ‘कळलं’, आणि सूचनेला उत्तर म्हणून ‘ठीक आहे, करतो’. ऑफिसात वरिष्ठांना ‘शोऽचि शिमाश्ता’, गिऱ्हाइकाला ‘काशिकोमारिमाश्ता’. याउलट ‘केन्तोऽ शिमास’, ‘विचार करून बघतो’, हे या पायरीवरचं नव्हे. ते कधी खरोखर विचार करणं असतं, तर कधी सौम्य नकार. तारीख आणि पुढचं पाऊल ठरलं नसेल, तर होकार गृहीत धरू नये.

‘हाइ’ची आणखी एक गंमत आहे, आणि ती जिवावर बेतू शकते. 2017 साली भारत आणि जपान यांच्यात तांत्रिक प्रशिक्षणार्थींचा करार झाला, 2021 साली विशिष्ट कौशल्यधारक कामगारांचा. वृद्धांची शुश्रूषा हे दोन्हींतलं एक क्षेत्र. आता समजा, वृद्धाश्रमात नर्स विचारते, ‘कुसुरि, नोमानाकात्तान देस का?’ म्हणजे ‘औषध घेतलं नाही का?’ आजोबा म्हणतात, ‘हाइ.’ अर्थ काय? घेतलं नाही. जपानी ‘हाइ’ प्रश्नातल्या विधानाला दुजोरा देतं : ‘तुम्ही म्हणता ते बरोबर.’ घेतलं असतं तर ते ‘इइए, नोमिमाश्ता’ म्हणाले असते, म्हणजे ‘नाही, घेतलं’. मराठीत ‘हो’ एवढंच ऐकून आपण ‘घेतलं’ असंही समजू शकतो. म्हणून अशा जागी नुसत्या ‘हाइ’वर थांबू नये, क्रियापद ऐकून घ्यावं.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. नवा कामगार घाबरून प्रत्येक सूचनेला ‘हाइ, हाइ’ म्हणतो. एक तर दोनदा म्हटलेलं ‘हाइ’ कंटाळल्यासारखं लागतं, आपल्या ‘हो हो, कळलं’सारखं, जपानी आया मुलांना सांगतात, ‘हाइ एकदाच म्हण.’ दुसरं म्हणजे, त्याला ‘ऐकतोय’ म्हणायचं असतं, पण सूचनेनंतर आल्यामुळे नर्सला ते ‘कळलं, करतो’ असं ऐकू येतं. गोळी जेवणाआधी की नंतर, हे त्याला कळलेलंच नसतं.

यावर जपानी कामाच्या ठिकाणीच एक साधा उपाय आहे : फुकुशोऽ, म्हणजे सूचना आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवणं. ‘जेवणानंतर, दोन गोळ्या, बरोबर ना?’ आणि कळलं नसेल तर ‘सुमिमासेन, मोऽ इचिदो ओनेगाइ शिमास’, म्हणजे ‘माफ करा, पुन्हा एकदा सांगाल का?’ यात कमीपणा नाही. चुकीच्या ‘हाइ’पेक्षा हे वाक्य नर्सला कधीही जास्त आवडेल.

इथे एक प्रश्न नेहमी येतो : ‘आम्ही सारखं उन्-उन् करत बसलो, तर ते खोटं नाही का वाटणार?’ वेळ चुकली तर जरूर वाटेल. म्हणून आधी मोजून ऐकायची सवय लावू. जपानी मुलाखतीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या आणि बोलणाऱ्याकडे न बघता फक्त ऐकणाऱ्याकडे बघा. मान कधी हलते, ‘ने’ नंतर काय येतं, सूर चढतो की उतरतो, हे वहीत टिपा. मग त्याच व्हिडिओवर आपला आवाज लावून बघा. दहा-बारा दिवसांत कान तयार होतो, आणि ठोका आपोआप जागेवर पडू लागतो.

पुढच्या व्याख्यानात आपण जपानीतला नकार घेऊ. बऱ्याचदा तो ‘नाही’ हा शब्द न वापरताच दिला जातो.