दंतचक्री पंप कां झिजतो?

पुष्कळ ट्रॅक्टरांत नांगर उचलण्यास दंतचक्री पंप असतो. त्यांत दोन चक्रें परस्परांत गुंतून फिरतात. तेल मात्र त्यांच्या मधून न जातां दांतांच्या खांचांतून कडेकडेनें पुढें जातें. दांतांचीं टोंकें व कवच यांमधील फट केंसाहूनही बारीक असते. तींत रेतीचा कण शिरला कीं कवचावर ओरखडे उठतात. दाबाचें तेल त्यांतून मागें परततें, तापतें, पातळ होतें व अधिकच गळतें. सकाळीं नांगर उचलणारें यंत्र दुपारीं कां दमतें, हें शेतकरी पालकांस आतां उमगेल! शोषणनळी तुंबल्यास तेलांत उठलेले पोकळ बुडबुडे दाबाखालीं फुटून धातूस खड्डे पाडतात. तेव्हां पंप खडखडतो. नवा पंप बसविण्यापूर्वीं टांकी धुवून तेल व गाळणी बदलावी, असें आम्ही सुचवितों. एरवीं जुन्याचा चुरा नव्यासही खातो.