मासळीचं अर्थकारण (भाग 6) : जवळ्याचा हिशेब

मागच्या भागात आपण 2023 ची अधिसूचना पाहिली. राज्य सरकारनं 54 जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. 135 मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट पकडायचं नाही. नियम योग्यच आहे. पिल्लंच बाजारात गेली तर पुढच्या हंगामाचं काय, हे कोळीवाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. तरीही ती का पकडली जातात?

पालघर-वसईच्या किनाऱ्यावर डोल लावतात. समुद्रात खुंट रोवून बांधलेलं हे नरसाळ्यासारखं लांबलचक जाळं. भरती-ओहोटीच्या ओढीनं जे वाहत येईल ते आत शिरतं. तोंडाशी आस, म्हणजे जाळ्याचं छिद्र, मोठा; शेवटच्या खोल्यात, म्हणजे टोकाच्या पिशवीत, अगदी बारीक. जाळं वर घेईपर्यंत पापलेटाचं पिल्लू बहुधा मेलेलं असतं. ते पाण्यात परत टाकलं तर नियम पाळला जातो, मासा काही वाचत नाही.

मग खोल्याचा आस मोठा करा, असं कुणीही म्हणेल. पण त्याच खोल्यात जवळा येतो. ही कसली पिल्लं नव्हेत. जवळा ही जातीनंच इवलीशी, पूर्ण वाढलेली कोळंबी. आस मोठा झाला की ती निसटून जाते. आणि जवळा गेला की कुणाचं उत्पन्न जातं? होडी लागल्यावर तो उन्हात पसरणारी, वर-खाली करणारी, कचरा निवडणारी, सुकवून पावसाळ्यासाठी ठेवणारी आणि पाटी घेऊन बाजारात बसणारी ती कोळीण. मुलांची फी, वाण्याची उधारी बऱ्याचदा याच पैशातून भागते. धक्क्यावर नाखव्याला गाठून डिझेल, बर्फ, खलाशांचा वाटा आणि लिलावाचा भाव टिपला, तर पाहणी पूर्ण झाल्यासारखी वाटते, आणि हा पैसा तिच्यात कुठेच येत नाही.

म्हणून मत्स्यसाठ्याच्या अभ्यासाइतकाच घराच्या हिशेबाचा अभ्यास हवा, आणि तोही वर्षभराचा. पापलेटाची पिल्लं आणि जवळा नेमके कोणत्या महिन्यांत एकत्र येतात? तेवढ्यापुरताच खोला बदलता येईल का? नव्या खोल्याचा खर्च कुणी सोसायचा? याची उत्तरं गावाच्या बैठकीत मिळतील, कारण डोलीच्या जागा परंपरेनं ठरलेल्या असतात आणि कुणाचा खुंट कुठे हे गावाला ठाऊक असतं. सामाईक संपत्ती वापरणारे लोक स्वतः नियम करून ती टिकवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 च्या ग्रंथात दाखवलं. 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

भरपाईचा प्रश्न मात्र गावावर सोडून चालणार नाही. नोंदणी नौकेची होते, डिझेलचा परतावाही नौकेवरच मिळतो. जवळा सुकवणाऱ्या बाईची नोंद नौकेच्या कागदावर नसते. आस बदलायला सांगण्याआधी सरकारनं तिची यादी करावी; ते काम मत्स्य सहकारी संस्थांकडून एका हंगामात होण्यासारखं आहे.

(पुढील भागात : डिझेल परतावा)