पिल्लाच्या पोटातले जंत

कुत्र्याचे पिल्लू बहुधा जंत घेऊनच जन्माला येते. आईच्या स्नायूंत गोलकृमीच्या अळ्या महिनोन्‌महिने निपचित पडून असतात. कुत्री गाभण राहिली की त्या जाग्या होतात आणि साधारण सहाव्या आठवड्यानंतर वारेतून गर्भात शिरतात. उरलेल्या पुढे दुधातून येतात. पिल्लाच्या अंगात त्या यकृतातून फुप्फुसात, तिथून खोकल्याबरोबर घशात आणि गिळल्या की आतड्यात पोचतात. पिल्लू तीन आठवड्यांचे होते न होते, तोच त्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी पडू लागतात.

असे पिल्लू ओळखू येते. पोट टम्म फुगलेले, पण पाठीवरून हात फिरवला तर बरगड्या बोटांना लागतात. केस रुक्ष असतात. कधी उलटीत शेवयांच्या गुंत्यासारखे वीतभर पांढुरके जंत पडतात. घरचे मात्र त्या पोटाकडे पाहून पिल्लाने बाळसे धरले म्हणून खूश असतात, आणि नेमके तेच दिवस हातचे जातात.

गोलकृमीची मादी दिवसाला एक लाखाहून अधिक अंडी घालू शकते. ताज्या विष्ठेतली अंडी बाधत नाहीत. त्यांत अळी तयार व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. पुढे मात्र ती मातीत वर्षानुवर्षे टिकतात, जंतुनाशकालाही दाद देत नाहीत. विष्ठा रोजच्या रोज उचलावी, ती यासाठी. मातीत खेळणाऱ्या मुलाच्या पोटात ही अंडी गेली, तर अळ्या बाहेर पडून यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यातही भटकतात. 1950 मध्ये अमेरिकेत हेलेनॉर वाइल्डर यांनी मुलांचे काढून टाकलेले डोळे तपासले. त्यांतल्या अनेकांत कर्करोगाचा संशय होता. सापडल्या मात्र कृमींच्या अळ्या.

अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितो. पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या पडतात. पट्टकृमी पिसवांमधून येतो. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसतात ते त्याचे. पिसवा घालवल्या नाहीत तर तो पुन्हा येतो. मांजरीच्या पिल्लांना गोलकृमी गर्भात होत नाही, दुधातून होतो.

म्हणून जंत दिसण्याची वाट पाहू नये. कुत्र्याच्या पिल्लाला दुसऱ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत दर पंधरवड्याला, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि पुढे साधारण तीन महिन्यांनी औषध द्यावे. मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे ती पशुवैद्याकडूनच घ्यावी. घरातली माणसांची गोळी अंदाजाने मोडून देऊ नये. पायरँटेल गोलकृमी आणि अंकुशकृमीवर चालते, पट्टकृमीला प्राझिक्वांटेल लागते. पिल्लांबरोबर आईलाही डोस द्यावा, कारण पिल्लांना चाटताना ती अंडी आणि अळ्या गिळत असते. तिच्या स्नायूंत दडलेल्या अळ्यांपर्यंत मात्र नेहमीचे औषध पोचत नाही, त्यामुळे पुढच्या विणीच्या पिल्लांनाही दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरुवात करावी लागते.