विश्लेषण : नेब्युलायझर, वाफेचे मशीन घरी कसे स्वच्छ ठेवावे? खारपाणपट्ट्यातील पाण्याचा काय संबंध?

रात्री मुलाला धाप लागली की कपाटातील नेब्युलायझर बाहेर निघतो. औषधाची कुपी कपात रिकामी होते, मास्क तोंडाला लागतो आणि बटण दाबले जाते. कपाच्या तळाशी मागच्या वेळचा पांढरट थर आहे का, हे त्या घाईत कोणी पाहत नाही. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत या थरामागे औषधाखेरीज आणखी एक कारण असू शकते, ते म्हणजे पाणी. ‘उकळले म्हणजे स्वच्छ झाले’ हा घराघरांतील समज इथे अर्धाच खरा ठरतो.

ही मशीन घरोघरी कधी आली?

दमा असलेल्यांच्या घरी नेब्युलायझर पूर्वीपासून होताच. मात्र करोनाच्या काळात वाफेचे मशीन आणि नेब्युलायझर ही नेहमीच्या खरेदीची वस्तू झाली. फेब्रुवारी २०२१मध्ये राज्यात दुसऱ्या लाटेची चाहूल सर्वात आधी ज्या भागांत लागली, त्यांत अमरावती आणि अकोला होते. अमरावतीत २२ फेब्रुवारीपासून पुन्हा लॉकडाऊन लावावा लागला. त्या दिवसांत घेतलेली अनेक मशीन आजही कपाटात आहेत आणि थंडीत किंवा कापसाच्या हंगामातील धुळीत खोकला वाढला की बाहेर काढली जातात. प्रश्न मशीन चालते का, एवढाच नाही. त्यातून छातीत काय जाते, हा आहे.

नेब्युलायझर आणि वाफेचे मशीन यांत फरक काय?

वाफेचे मशीन पाणी तापवते. पाण्याची वाफ होते आणि त्यातील क्षार भांड्यातच उरतात. अशा वाफेने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण ती दम्यावरचा उपचार नाही.

नेब्युलायझर पाणी तापवत नाही. त्याचा कॉम्प्रेसर जोराची हवा कपातील बारीक छिद्रातून सोडतो आणि औषधाचे अतिसूक्ष्म तुषार होतात. साधारण १ ते ५ मायक्रॉनचे तुषार श्वासनलिकेच्या खोल फांद्यांपर्यंत पोहोचतात. म्हणूनच औषध थेट लागू पडते. मात्र कपात जे असेल, ते सगळेच तुषार होऊन आत जाते. औषधही, क्षारही आणि जंतूही. वाफेच्या मशीनपेक्षा नेब्युलायझरची स्वच्छता अधिक काटेकोर हवी, ती यामुळेच.

कप अस्वच्छ राहिला तर काय होते?

दोन गोष्टी होतात. पहिली, ओलसर कपात जंतू वाढतात. स्यूडोमोनास हा जिवाणू अशा ओलसर जागी सहज तग धरतो आणि आधीच अशक्त असलेल्या फुप्फुसात संसर्ग करू शकतो. दुसरी, औषधाचे आणि पाण्याचे क्षार छिद्रात साचतात. तुषार विरळ होतात, डोस संपायला जास्त वेळ लागतो आणि पूर्ण औषध रुग्णापर्यंत पोहोचत नाही. ‘औषध लागू पडत नाही’ असे घरच्यांना वाटते, तेव्हा दोष औषधाचा नसून तुंबलेल्या छिद्राचाही असू शकतो.

खारपाणपट्ट्याचा संबंध कुठे येतो?

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या पट्ट्यातील भूजल खारे आहे. राज्य सरकारच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे पोकरात, या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची ९३२ गावे घेण्यात आली होती. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांतील लोकांना या पाण्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

अकोला शहराला काटेपूर्णा आणि अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचे पाणी मिळते. अनेक खेड्यांना वान, शहानूर धरणांवरील योजनांचा आधार आहे. पण नळ काही दिवसांच्या अंतराने आला की धुण्या-भांड्यासाठी बोअरचे पाणी वापरले जाते. नेब्युलायझरचा कपही मग त्याच पाण्यात धुतला जातो.

इथेच उकळण्याबद्दलचा गैरसमज अडचणीचा ठरतो. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. उलट पाणी आटले की उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण वाढते. खाऱ्या पाण्यात कप उकळला, तर तो वाळल्यावर त्यावर पांढरा थर दिसतो.

मग आरओचे पाणी पुरेसे आहे का?

तेही अर्धेच उत्तर आहे. आरओमुळे क्षार बरेच कमी होतात, पण ते पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. कॅन, टाकी, तोटी यांतून जंतू पुन्हा शिरू शकतात. म्हणजे उकळणे जंतूंवर चालते, आरओ क्षारांवर. दोन्ही हवे असतील, तर आरओचे किंवा धरणाच्या नळाचे गोडे पाणी उकळावे, झाकून थंड करावे आणि कप शेवटी खळखळायला तेच वापरावे. रोज एक तांब्या पाणी पुरते. साबणाने पहिली धुणी मात्र घरातील साध्या स्वच्छ पाण्याने केली तरी चालते.

प्रत्येक वापरानंतर काय करावे?

- आधी मशीन बंद करून प्लग काढावा. साबणाने हात धुवावेत.
- कप, झाकण, आतील छोटा भाग आणि मास्क किंवा तोंडात धरायची नळी सुटी करावी.
- उरलेले औषध फेकून द्यावे. पुढच्या वेळेसाठी ठेवू नये.
- सुटे भाग उकळून थंड केलेल्या पाण्याने खळखळावेत. दिवसातून एकदा कोमट पाणी आणि भांड्यांच्या सौम्य साबणाने धुवावेत. छिद्रात सुई, पिन घालू नये.
- पाणी झटकून सर्व भाग स्वच्छ कापडावर उघडे वाळू द्यावेत. पूर्ण कोरडे झाल्यावरच झाकणाच्या डब्यात ठेवावेत.

यातील शेवटची पायरी सर्वात जास्त वेळा सुटते. ओला कप पिशवीत बांधून ठेवला, तर धुण्याचा उपयोग राहत नाही. पावसाळ्यात भाग लवकर वाळत नाहीत. त्यामुळे शक्य असेल तर दोन कप आलटून पालटून वापरणे सोयीचे.

निर्जंतुक कसे करावे?

कडक प्लास्टिकचा कप उकळता येतो का, हे मशीनच्या माहितीपत्रकात दिलेले असते. चालत असेल, तर गोड्या पाण्यात ५ मिनिटे उकळावा. पातेल्याच्या तळाशी स्वच्छ कापड ठेवल्यास प्लास्टिक तळाला लागत नाही. मऊ मास्क आणि हवेची नळी सहसा उकळू नये, त्यांचा आकार बिघडतो. बाळाच्या बाटल्यांचे विजेचे स्टरिलायझर घरात असेल आणि माहितीपत्रकात परवानगी असेल, तर तेही चालते.

अनेक माहितीपत्रकांत एक भाग पांढरे व्हिनेगर आणि तीन भाग पाणी यांत भाग बुडवून ठेवण्याचा सल्ला असतो. क्षारांचा थर सुटायला हा उपाय चांगला आहे. पण जंतू मारण्यासाठी त्यावर भिस्त ठेवू नये. व्हिनेगरनंतर भाग नीट खळखळून घ्यावेत. फिनाइल किंवा फरशीचे जंतुनाशक अजिबात वापरू नये. त्याचा अंश श्वासातून आत जातो.

नळी, फिल्टर आणि कॉम्प्रेसरचे काय?

हवेची नळी धुवायची नसते. तिच्यात थेंब दिसले, तर कप काढून फक्त नळी जोडावी आणि मशीन काही मिनिटे चालू ठेवावे. हवेने नळी कोरडी होते. आत काळपट डाग दिसले की ती बदलावी.

कॉम्प्रेसर घरातील हवा आत ओढतो आणि ती फिल्टरमधून जाते. कापूस वेचणीच्या काळात, जिनिंगच्या आसपास किंवा उन्हाळ्यातील धुळीत फिल्टर लवकर करडा पडतो. माहितीपत्रकातील मुदतीची वाट न पाहता तो महिन्यातून एकदा उघडून पाहावा आणि करडा दिसला की बदलावा. मशीन जमिनीवर किंवा गादीवर न ठेवता टेबलावर ठेवावे. कॉम्प्रेसर पाण्यात बुडवू नये, प्लग काढून ओलसर फडक्याने पुसावा.

कपात काय टाकू नये?

नळाचे, आरओचे किंवा घरी मीठ घालून केलेले पाणी कपात टाकू नये. औषध पातळ करायचे असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेले ०.९ टक्के निर्जंतुक सलाइनच वापरावे. खारे पाणी म्हणजे सलाइन नव्हे. बाम, निलगिरीचे तेल, सर्दीच्या वाफेसाठी मिळणाऱ्या कॅप्सूल यांनाही कपात जागा नाही. तेलकट पदार्थ फुप्फुसात गेल्यास न्यूमोनियासारखा गंभीर दाह होऊ शकतो. ब्युडेसोनाइडसारख्या स्टेरॉइड औषधानंतर चूळ भरावी आणि मास्कखालचा चेहरा धुवावा.

खेड्यात एक मशीन दोन-तीन घरांत फिरते. कॉम्प्रेसर दुसऱ्याचा चालेल, पण कप आणि मास्क प्रत्येक रुग्णाचा वेगळाच हवा.

वाफेच्या मशीनबाबत काय लक्षात ठेवावे?

काही स्वस्त मशीनमध्ये दोन पट्ट्यांमधील पाण्यातूनच वीज वाहते आणि त्याने पाणी तापते. अशा मशीनमध्ये आरओचे पाणी घातले, तर वाफ उशिरा येते आणि मशीन बिघडले असे वाटते. खारे बोअरचे पाणी घातले, तर पाणी जोरात उसळते आणि गरम शिंतोडे उडतात. नळाचे साधे गोडे पाणी अशा मशीनला ठीक असते. चालू मशीनचे झाकण उघडणे किंवा पाण्यात बोट घालणे धोक्याचे आहे. आधी प्लग काढावा. काम झाल्यावर पाणी ओतून भांडे कोरडे करावे. थर जमल्यास व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाच्या पाण्याने काढावा. लहान मुलांना गरम वाफेजवळ बसवू नये, भाजण्याची भीती असते.

‘व्हेपोरायझर’ शब्दाचा घोळ काय?

वाफेच्या मशीनला दुकानात ‘व्हेपोरायझर’ म्हणतात. मोबाइलवर याच शब्दाने स्वच्छतेची माहिती शोधली, तर व्हेप म्हणजे ई-सिगारेट साफ करण्याचे सल्ले समोर येऊ शकतात. ते या मशीनला लागू नाहीत. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात देशात २०१९च्या कायद्याने बंद आहे, ऑनलाइन विक्रीही त्यात आली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘वाफच तर आहे’ असे सांगितले जात असले, तरी त्या तुषारांत बहुधा निकोटिन असते. दमा असलेल्या घरात त्याला थारा नको.

जुने मशीन पुन्हा वापरता येईल का?

२०२१पासून बंद पडून असलेल्या मशीनचा कॉम्प्रेसर चांगला असू शकतो. मात्र कप, मास्क, नळी आणि फिल्टर नवे घ्यावेत. रोज वापरात असलेला पुन्हा वापरण्याजोगा कपही साधारण ६ महिन्यांनी बदलण्याचा सल्ला दिला जातो, साधा कप त्याहून लवकर. अनेक रुग्णांना स्पेसर लावलेला इनहेलर नेब्युलायझरइतकाच उपयोगी पडतो. त्याला वीज लागत नाही आणि तो स्वच्छ ठेवणेही सोपे असते. याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.

डोस देऊनही धाप कमी होत नसेल, बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मशीनशी झटापट करत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि थेट रुग्णालय गाठावे.