साडेसातशे घनसेंटिमीटरांची मर्यादा

ज्यांनी जन्मभर मुलांकडून विभक्तिप्रत्यय घोकून घेतले, त्यांनी मोटारीच्या तेलकट एंजिनावर लेखणी चालवावी, याचे कोणा वाचकास हसू आल्यास आमची हरकत नाही. आमच्या नातवाच्या छंदापायी हा विषय घरात शिरला. इंग्लंडातील हौशी शर्यतकारांची हकीकत तो आम्हांस सांगू लागला, तेव्हा प्रथम आम्ही केवळ हुंकार देत होतो. पण पुढे तीत सूत्रकार व भाष्यकार यांचा जुना तंटाच आम्हांस दिसू लागला.

१९२२ साली हर्बर्ट ऑस्टिन यांनी बेताच्या मिळकतीच्या कुटुंबास झेपेल अशी ‘ऑस्टिन सेव्हन’ नावाची चिमुकली मोटार काढली. १९३९ पर्यंत ती निघत होती. त्याच साली तिच्या भक्तांनी आपला क्लब स्थापिला, आणि युद्ध संपल्यावर, १९४९ त, ‘सेव्हन-फिफ्टी फॉर्म्युला’ नावाचा शर्यतीचा वर्ग सुरू केला. द्रव्यबळावर कोणी पुढे जाऊ नये, हा त्यामागील हेतू. सांगाडा ऑस्टिनचा, एंजिन ऑस्टिनचे, आणि हवा दाबून भरणारा सुपरचार्जर वर्ज्य. बाकी ज्याने त्याने आपल्या घरामागच्या खोपटात आपली अक्कल चालवावी.

आता हे एंजिन पाहा. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास २.२ इंच, दट्ट्याची धाव ३ इंच. गुणाकार केल्यास सुमारे ७४७ घनसेंटिमीटर भरतात. मूळची शक्ती दहा-साडेदहा अश्वांची. अशा जुन्या एंजिनाचा जीर्णोद्धार म्हणजे प्रथम सर्व सुटे करून रॉकेलने धुणे. मग क्रँकशाफ्टला कोठे बारीक चीर गेली आहे काय, हे डोळ्यांत तेल घालून पाहावयाचे. कारण मूळ रचनेत हा दांडा पुढे व मागे अशा दोनच बेअरिंगांवर टेकलेला, मध्यभागी निराधार. वेग वाढला की तो चाबकासारखा लवतो, आणि एखादे दिवशी मोडतो. (१९३६ पासून कारखान्याने मधला तिसरा आधार दिला.) त्यास तेल पोहोचविण्याची तऱ्हाही मौजेची आहे. बारीक तोट्यांतून तेलाची धार फिरत्या दांड्यावर उडते. तेथून पुढचे काम परिभ्रमणाच्या जोरावर सोडलेले. कनेक्टिंग रॉडच्या टोकाशी व्हाइट मेटल ओतून ते खरवडीत खरवडीत बेताचे करावे लागते. चारही दट्टे व रॉड तराजूत घालून समभार केले नाहीत, तर तो बिचारा दांडा अधिकच हिसके खातो.

झिजलेले सिलिंडर कातून मोठे करावे लागतात, आणि येथेच गणित आडवे येते. व्यास इंचाच्या शंभराव्या भागाने वाढला, तरी आकारमान ७५४ वर जाते! म्हणून अशा वर्गाच्या नियमांना झिजेपायी किती वाढ क्षम्य मानावयाची, हेही ठरवावे लागते. उलट, वरचे झाकण तासून वायूवरील दाब वाढविता येतो. त्याने आकारमानात केसभरही फरक पडत नाही.

पण सर्वांची गाडी अडे ती निराळ्याच ठिकाणी. या एंजिनात दोन-दोन सिलिंडरांस मिळून आत येण्याचे एकच द्वार आहे. स्फोटांचा क्रम पहिला, तिसरा, चौथा, दुसरा असा असल्याने जोडीतील दोघेही लागोपाठ वायू ओढतात, आणि एकाच्या वाट्याचे दुसरा खातो. एका ताटात जेवणाऱ्या दोन भावंडांचे जे होते तेच. नियमाने द्वार बदलण्यास वाव नाही, असेच सारे धरून चालले होते.

कॉलिन चॅपमन हा तेवीस वर्षांचा तरुण मात्र तसे धरून चालला नाही. १९५१ सालच्या आपल्या ‘लोटस’ मोटारीत त्याने त्या सामाईक वाटेतच पडदा घालून दोन्ही सिलिंडरांचे प्रवाह वेगळे केले. ऑस्टिनचे एंजिन ऑस्टिनचेच राहिले. एवढ्याने ती मोटार इतरांस इतकी मागे टाकू लागली की, पुढे नियम बदलून ही युक्ती वर्ज्य करण्यात आली. याच चॅपमनच्या मोटारींनी पुढे जगातील मोठमोठ्या शर्यती जिंकल्या.

आमचे मन येथे द्विधा झाले. त्याने सूत्राचे एकही अक्षर मोडले नव्हते. पण ज्या समतेसाठी सूत्र रचिले, ती मात्र त्या वर्षी उरली नाही. खोपटात रात्री जागवून व्हाइट मेटल खरवडणाऱ्या दुसऱ्या एखाद्या गृहस्थास, आपले श्रम एका पडद्याने व्यर्थ गेले, असे वाटले असल्यास त्यास दोष कोण देईल? तरी त्या पडद्यासही पैसा नव्हे, डोकेच लागले होते.

“आजोबा, तुम्ही परीक्षक असतां तर?” नातवाने विचारले.

आम्ही थोडा वेळ विचार केला. “पूर्ण गुण दिले असते,” आम्ही म्हणालो, “आणि पुढच्या वर्षी प्रश्नाची भाषा बदलली असती.”

“मग क्लबने तरी दुसरे काय केले?” असे म्हणून तो हसत उठून गेला.