विद्युतदाब आणि विद्युतधारा यांवरून रोध व शक्ती काढणे

या प्रकरणातली सूत्रे दोनच आहेत. जॉर्ज ओहम यांनी 1827 मध्ये मांडलेल्या नियमावरून रोध मिळतो:

R = V ÷ I

आणि शक्ती मिळते:

P = V × I

V व्होल्टमध्ये आणि I अँपिअरमध्ये घेतल्यास R ओहममध्ये व P वॅटमध्ये येते. सूत्रे सोपी असूनही परीक्षेत आणि प्रत्यक्ष कामात एक चूक हमखास होते: V नेमका कशाच्या दोन टोकांमधला, हे पाहिले जात नाही.

उदाहरण

एका घरात 2000 वॅटचा गिझर आहे. पुरवठा 230 व्होल्ट असून गिझर चालू असताना धारा 8.5 अँपिअर आहे. सॉकेटमधली पकड सैल झाल्यामुळे तिथेच 4 व्होल्ट खर्च होतात. म्हणजे गिझरला 226 व्होल्ट मिळतात. जोडणी एकसर असल्याने धारा दोन्हीकडे सारखीच.

गिझर:
R = 226 ÷ 8.5 = 26.6 ओहम
P = 226 × 8.5 = 1921 वॅट

सैल पकड:
R = 4 ÷ 8.5 = 0.47 ओहम
P = 4 × 8.5 = 34 वॅट

पडताळा: एकूण शक्ती 230 × 8.5 = 1955 वॅट, आणि 1921 + 34 = 1955. उत्तर जुळते.

आता नेहमीची चूक पाहा. काही जण पकडीची शक्ती V² ÷ R या सूत्राने काढताना V च्या जागी 230 घालतात. उत्तर येते 1 लाख 12 हजार वॅटहून जास्त! सूत्र बरोबर आहे, पण पकडीवरचा दाब 4 व्होल्ट आहे, 230 नव्हे.

34 वॅट म्हणजे किती?

35 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने कथील वितळते. जवळपास तेवढीच उष्णता इथे प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये, एका बारीक जागी निर्माण होते. उष्णतेने पितळी पट्टीची स्प्रिंग ढिली पडते, पृष्ठभागावर ऑक्साइड धरतो आणि रोध वाढतो. एकूण रोध मुख्यतः गिझरचाच असल्याने धारा फारशी बदलत नाही; म्हणून P = I²R नुसार पकडीचा रोध दुप्पट झाला की तिथली उष्णताही जवळजवळ दुप्पट होते.

आणि एमसीबी? तो पडत नाही. तो जास्त धारेवर पडतो. इथे धारा उलट किंचित कमीच झाली आहे. म्हणून प्लग गरम लागला, काळवंडला किंवा जळका वास आला, तर मुख्य स्विच बंद करून सॉकेट बदलून घ्यावे. चालू सॉकेटवर स्वतः मोजमाप करू नये. ते प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे.

मर्यादा

P = V × I हे सूत्र एसी पुरवठ्यावर गिझर, इस्त्री अशा रोधी भारांना थेट लागू पडते. पंखा किंवा पंपाच्या मोटरसाठी पॉवर फॅक्टरनेही गुणावे लागते.

सरावासाठी

इस्त्री चालू असताना धारा 4.3 अँपिअर आहे आणि प्लगच्या पकडीवर 3 व्होल्ट खर्च होतात. पकडीचा रोध व शक्ती काढा.
(उत्तर: 0.70 ओहम, 12.9 वॅट)